लेबर रूम ते बुक बायंडिंग: पहिल्या पुस्तकाच्या नोंदी

छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, त्यातली बरीचशी लेबर रूमला. २०२२ ला निवृत्त झाले. त्या अनुभवांचं पुस्तक करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, लिहिणं तेवढं अवघड, पुढचं प्रकाशक बघतो. झालं उलटंच. लिहून वर्षभरात हातावेगळं झालं, पुढच्या गोष्टींत दोन वर्षं गेली. त्या गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. लिहावं कसं, यावर यात काही नाही.

५ फेब्रुवारी २०२३

पहिलं प्रकरण घरी वाचून दाखवलं. सून म्हणाली, "आई, राग मानू नका, पण हा तुमच्या नाइट ड्युटीचा रिपोर्ट वाटतोय."

मी लिहिलं होतं: "पहाटे ३.१० वाजता पहिलटकरीण दाखल. वय अंदाजे १९. बीपी १७०/११०. हातापायावर सूज. सोबत सासू. डॉक्टरांना कळवण्यात आले. मॅगसल्फ देण्यात आले."

ड्युटी बदलताना ओव्हर देतो तो असाच. पुढच्या सिस्टरला तेवढंच लागतं. पण मला त्या रात्रीचं खरं आठवत होतं ते वेगळंच. सलाइन लावायला हात मोकळा हवा होता आणि सुजेमुळे बांगड्या निघेनात, म्हणून त्या वाढवाव्या लागल्या. सासू खाली बसून एकेक हिरवा तुकडा पदरात गोळा करत होती आणि म्हणत होती, "सिस्टर, दोन तरी राहू द्या हातात." रिपोर्टात याला रकाना नसतो.

आता प्रत्येक प्रकरणाला वहीची समोरासमोरची दोन पानं. डावीकडे ओव्हर जसाच्या तसा लिहून काढायचा, म्हणजे डोक्यातून जातो. उजवीकडे ओव्हरमध्ये न आलेलं सगळं. पक्क्या मजकुरात फक्त उजवं पान घ्यायचं, डावीकडचं लागेल तेवढंच.

१८ जून २०२३

अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. फोनवर बोलून टाइप करायचा प्रयोग केला. वेग भरपूर, पण "प्रसूती" म्हटलं की फोन "प्रस्तुती" लिहितो, विरामचिन्हं नाहीत, आणि कोण कोणाशी बोलतंय ते दुसऱ्या दिवशी मलाच कळेना. दुरुस्त करण्यात लिहिण्यापेक्षा जास्त वेळ. सोडून दिलं.

भाच्याने लॅपटॉपवर देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. सुरुवातीला एका पानाला दुपार जायची, मग बोटं बसली. पुढे दिवाळी अंकाने आणि प्रकाशकाने युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर तसाच उघडतो तो) मजकूर मागितला, त्यामुळे ही मेहनत वाया गेली नाही. हाताने लिहून टायपिंगला देणार असाल तर तो खर्च आणि एक जादा प्रूफ धरून चाला.

२ नोव्हेंबर २०२३

आठवणींना तारखा नाहीत. रजिस्टरं दवाखान्याची, ती दवाखान्यातच राहिली, आणि राहायलाच हवीत. मग मोठ्या घटनांचे खुंटे ठोकले. किल्लारीच्या भूकंपाची पहाट, ३० सप्टेंबर १९९३: आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पुण्यातली मिरवणूक संपलेली नव्हती आणि मी नाइटला होते. ऑगस्ट २००९: स्वाइन फ्लू, शहरात मास्क मिळेनात. ९ मार्च २०२०: पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण. माझ्या मुलांच्या जन्मतारखा. उरलेल्या आठवणी या खुंट्यांच्या अलीकडे-पलीकडे लावत गेले.

याने एक प्रकरण ढासळलं. त्यात २००९ मध्ये १०८ ची ॲम्ब्युलन्स दारात येते असं लिहिलं होतं. महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली जानेवारी २०१४ ला. म्हणजे बाई २००९ मधली आणि गाडी नंतरच्या कुठल्या तरी बाईची. त्या काळात बायका जीपने, टेम्पोने, दुधाच्या गाडीनेसुद्धा यायच्या. ही बाई कशाने आली ते काही केल्या आठवेना. गाडी काढून टाकली आणि प्रकरण ती लेबर टेबलवर आल्यापासून सुरू केलं.

१५ जानेवारी २०२४

नावं बदलली की झालं, असं धरून चालले होते. सोसायटीतली एक वकील मुलगी संक्रांतीला आली तेव्हा तिच्या हातात हस्तलिखित दिलं. तिने पेन्सिलने खुणा केल्या आणि तीन जागी सरळ फुल्या मारल्या. एचआयव्हीबाधित बाईचं प्रकरण: २०१७ च्या कायद्याने तिची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. गर्भपाताचं प्रकरण: त्या कायद्यात गुप्ततेची तरतूद आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती आणखी ठळक केली आहे. बलात्कारित मुलीचं प्रकरण: तिची ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा.

ती म्हणाली, "काकू, नाव बदललंत, पण गाव, साल, नवऱ्याचा धंदा आणि झालेलं बाळ, हे सगळं ठेवलंत. त्या गावात एवढ्यावर कोणीही ओळखेल."

तिसरं प्रकरण पूर्ण काढलं. त्या मुलीला कुठल्याच आडोशाने लिहिता येईना, आणि लिहायचा हक्क मला आहे असंही वाटेना. दुसऱ्यात गाव, साल, धंदा, सगळं पुसलं. पहिल्यात बाई ठेवलीच नाही. ग्लोव्हजचा एकच जोड शिल्लक असताना आम्ही काय केलं, एवढंच ठेवलं, आणि प्रकरण त्यानेच नेटकं झालं.

तिळं झालेली एक बाई होती. तिच्या भागात तिळ्यांचं असं दुसरं घर नाही, त्यामुळे लपवणं अशक्यच. जुन्या ओळखीतून फोन नंबर काढला. ती म्हणाली, "लपवायचं काय त्यात? खरं नाव घाला. आणि पोरांचीही घाला." पोरं आता मोठी झालीत, त्यांनाही विचारलं. चौघांच्या सह्यांचं संमतिपत्र घेतलं. पुढे प्रकाशकाने पहिल्याच भेटीत हे कागद मागितले.

१० मार्च २०२४

आमच्या वॉर्डातल्या जुन्या मावशी पर्वतीच्या जनता वसाहतीत राहतात. वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यावरचं प्रकरण मीच वाचायला गेले. वार अडकलेली बाई, रक्त थांबत नाही, त्यातच लाइट गेलेली, मावशी एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने बाईचं पोट चोळताहेत, असं सगळं. मला वाटत होतं, पुस्तकातलं सर्वांत चांगलं प्रकरण हेच.

मावशींनी गवार मोडता मोडता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाय, त्या रातीला लाइट गेलीच न्हवती. लाइट गेली ती जुळ्याच्या टायमाला. या बाईला रगत आणाया मी गेलते, तू हिकडं होतीस. मग बॅटरी कुणी धरली?"

दोन रात्री एकमेकींत शिरल्या होत्या. त्यांनी त्या सुट्या करून दिल्या आणि रक्तपेढीपर्यंतच्या धावपळीचा भाग मला पहिल्यांदाच कळला. चिठ्ठीवरचा रक्तगट पावसाने पुसला म्हणून त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या होत्या. तेव्हा मला वाटलं होतं की मावशी चहाला थांबल्या, आणि पहिल्या मसुद्यात तसं सूचितही केलं होतं. ते आधी काढलं.

यानंतर जे जे त्या वेळी हजर होते आणि सापडले, त्यांना त्यांचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. दोघींनी ऐकायलाच नकार दिला. त्यांना प्रकरणांतून काढलं.

२२ जून २०२४

दिवाळी अंकांना साहित्य जूनपर्यंत जायला हवं, दसऱ्याला पाठवून उपयोग नसतो. "बांगड्या" हे प्रकरण दोन अंकांना पाठवायचं मनात होतं, पण जाणत्यांनी सांगितलं की एकाच वेळी दोन संपादकांकडे तोच मजकूर गेला तर दोघांकडचंही दार बंद होतं. एकाच अंकाला पाठवलं. संपादकांचा महिन्याने फोन: "सिस्टर, घेतो, पण निम्मं करा. शेवटचं तत्त्वज्ञान काढा." काढलं. निम्मं झालं.

२० नोव्हेंबर २०२४

अंक आला. मानधन दीड हजार. हा अंक हातात असल्यावर प्रकाशकांशी बोलण्याची भाषा बदलते, हे पुढच्या नोंदीत दिसेल. पहिल्या पुस्तकाआधी दिवाळी अंकात काहीतरी यावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

११ जानेवारी २०२५

प्रकाशकांचा हिशोब. धनकवडीहून बसने स्वारगेट, तिथून आता मेट्रोने कसबा पेठ, मग चालत अप्पा बळवंत चौक. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांत मराठी प्रकाशकांची कार्यालयं चालण्याच्या अंतरावर आहेत, तेवढं पुण्याचं सुख.

एका मोठ्या प्रकाशकाकडून पोच आली, पुढे काही नाही. एकांनी वाचून प्रामाणिकपणे सांगितलं की अनुभवकथन नावाजलेल्या माणसाचं असेल तरच खपतं. तिसऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी पसंती कळवली, तेव्हाच शंका यायला हवी होती. त्यांची ऑफर: लेखिकेने ८५ हजार भरायचे, ५०० प्रती छापणार, त्यातल्या २०० मला. कोटेशनमध्ये "आयएसबीएन शुल्क ३,०००" अशीही एक ओळ, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे पैसे.

घरी बसून आकडे मांडले. आयएसबीएन शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय एजन्सी देते आणि त्याला पैसे पडत नाहीत. लेखक स्वतः प्रकाशक होत असेल तर त्यालाही मिळतो. धायरीच्या एका प्रेसमधून छपाईचा भाव काढला: ३०० प्रती, ११ फॉर्मे (१६ पानांचा एक), डेमी आकार, आतला कागद ७० जीएसएम नॅचरल शेड, रंगीत कव्हर, सगळं मिळून ३३ हजार. म्हणजे ८५ हजारांत मी छपाईच्या वर नुसतं प्रकाशकाचं नाव विकत घेणार होते. पैसे भरून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण भरायचेच तर सरळ प्रेसला भरावेत, सगळ्या प्रती आपल्या राहतात. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे, ती आधी बघावी.

मी स्वतः छापायच्या तयारीला लागले होते, तेवढ्यात एका छोट्या प्रकाशकाचा फोन आला. दिवाळी अंकातलं प्रकरण वाचून त्यांनीच नंबर मिळवला होता.

९ मार्च २०२५

करार. दोन पानी, छापील, "इथे सही करा". वकील मुलीने पुन्हा पेन्सिल काढली. छापील मसुद्यात "सर्व माध्यमांतील सर्व हक्क" असं होतं आणि मुदत कोरी. कॉपीराइट कायदा १९५७ सांगतो की मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. पण कायद्यावर हवाला ठेवून कोरी जागा सोडायची नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही लिहून घेतलं: फक्त छापील मराठी आवृत्ती, पाच वर्षं, ध्वनिपुस्तक आणि भाषांतर माझ्याकडे, एका वर्षात पुस्तक निघालं नाही तर हक्क परत. रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के, वर्षाला हिशोब, दहा प्रती भेट.

प्रकाशक जरा खट्टू झाले. "सिस्टर, आमच्याकडे आजवर कोणी एवढं वाचलं नव्हतं." सही मात्र केली.

२८ मे २०२५

डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं. इथे सर्वांत जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर.

प्रकाशकांचा ऑपरेटर जुना, हात बसलेला, काम पेजमेकर या पानं लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फॉन्टवर. माझा मजकूर युनिकोडमध्ये. त्याने कन्व्हर्टरमधून काढला आणि प्रिंट पाठवली. पहिल्याच पानावर "ॲडमिट"च्या जागी चौकोन आणि पुढे "डमिट". माझ्या पुस्तकात ॲडमिट, ॲनिमिया, ॲप्रन, ॲम्ब्युलन्स पानोपानी. "दुसऱ्या"चं सगळीकडे "दुसर्या". काही ठिकाणी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला.

आधी वाटलं, फाइंड-रिप्लेस करू. चौकोन तसे सुधारले. पण "र्या"ला आंधळेपणाने "ऱ्या" केलं तर "सूर्या", "आर्या", "कार्यालय"सुद्धा बिघडतात, ते एकेक बघावं लागतं. ऑपरेटरने तीन प्रकरणं तशी केली आणि हात टेकले.

शेवटी मार्ग निघाला तो असा: दुसऱ्या ऑपरेटरकडे इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्ये थेट युनिकोड लावला. तिथेही पहिली प्रिंट जोडाक्षरं फुटलेलीच आली, कारण परिच्छेदाला "वर्ल्ड-रेडी कंपोजर" (आपल्या लिपीची अक्षरं नीट जोडणारी त्यातलीच सोय) लावलेला नव्हता. तो लावल्यावर सगळं जागेवर. फॉन्ट बदलून टिरो देवनागरी मराठी घेतला, कारण आधीच्यात "ल" आणि "श" हिंदी वळणाचे येत होते. राज्य सरकारने मराठी वळण २००९ मध्ये शासन निर्णयाने ठरवलेलं आहे, तरी बरेच फॉन्ट अजून हिंदी वळणच दाखवतात. दुसऱ्या ऑपरेटरचे जादा पैसे प्रकाशकांनी निम्मे दिले, निम्मे माझ्याकडून सात हजार.

पहिल्या दिवशीच ऑपरेटरला विचारा: काम युनिकोडवर की जुन्या फॉन्टवर? आणि सगळी आडवळणाची अक्षरं असलेलं एक पान आधी लावून मागा. माझं नमुन्याचं वाक्य आता ठरलेलं आहे: "दुसऱ्या ॲम्ब्युलन्समधल्या आर्याला सूर्योदयापूर्वी ॲडमिट केलं."

१९ जुलै २०२५

प्रूफं. मुद्रितशोधक निवृत्त शिक्षक, अत्यंत काटेकोर. मूल–मुलाला, शीर–शिरेत, जीभ–जिभेला, पण शरीर–शरीरात, कारण तत्सम. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम त्यांना तोंडपाठ. माझ्या निवेदनाचं त्यांनी सोनं केलं. मात्र त्याच हाताने मावशींचं "न्हवती" "नव्हती" केलं, "रगत" "रक्त" केलं. सगळे पेशंट एकदम सदाशिव पेठेत राहायला आले.

त्यांना एक पान लिहून दिलं: निवेदन नियमांप्रमाणे, अवतरणातलं जसं बोललं तसं, औषधांची नावं अशी-अशी. ते म्हणाले, "हे आधी दिलं असतंत तर दोघांचे कष्ट वाचले असते."

दुसरं प्रूफ मी आणि माझ्या जुन्या इन्चार्ज सिस्टर, दोघींनी केलं. वॉर्डात जोखमीचं इंजेक्शन देण्यापूर्वी एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने लेबल बघायचं, तसंच. डोळ्यांनी पाहून मी जे पान पास केलं होतं, त्यात "ऑक्सिटोसिन १०० युनिट" छापलेलं होतं. डोस १० चा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बत्तीस वर्षांपूर्वी बघायच्या तसंच.

६ ऑगस्ट २०२५

पानं झाली १७९. छपाई फॉर्म्यात, फॉर्मा १६ पानांचा. ११ फॉर्म्यांची १७६, म्हणजे तीन पानं बाहेर. अर्धा फॉर्मा वाढवून १८४ करायचे तर खर्च वाढतो आणि पाच पानं कोरी. फॉन्ट लहान करायला मी तयार नव्हते, वाचणाऱ्या माझ्याच वयाच्या. प्रकाशक म्हणाले, "मनोगत केवढं आहे?" चार पानांचं होतं. एका पानावर आणलं. त्यात ज्यांचे आभार होते त्यांची नावं राहिली, माझं बालपण गेलं.

कव्हर

बाळाच्या पावलांचं चित्र नको, एवढंच मी प्रकाशकांना म्हणाले. त्यांनी वॉर्डातला निळा पडदा केला. छान झालंय.

२५ नोव्हेंबर २०२५

तीन महिने काहीच नाही. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत पुण्यातले प्रेस, ऑपरेटर, बाइंडर सगळे दिवाळी अंकांत असतात, त्यात ३०० प्रतींचं पुस्तक रांगेत शेवटी. जुलैच्या आत छपाईला द्या, नाहीतर सरळ दिवाळीनंतरचं धरा. आज प्रती आल्या. किंमत २८० रुपये.

१४ डिसेंबर २०२५

प्रकाशन समारंभ केला नाही. हॉल, हार, पाहुण्यांचा प्रवास हे सगळं लेखकाच्या खिशातून जातं. त्याऐवजी जुन्या बॅचच्या सिस्टर एकीच्या घरी जमल्या, दोन प्रकरणं वाचली, प्रती तिथेच गेल्या. बाहेरगावी पाठवायला मे २०२५ पासून सुरू झालेली टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सोयीची पडते: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. माझं पुस्तक वेष्टनासकट तेवढ्यात बसतं.

प्रकाशकांना एक आठवण करून दिली: १९५४ च्या कायद्याने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत द्याव्या लागतात. छोट्या प्रकाशकांकडून हे राहून जातं. पाठवल्याची पावती बघून आले.

१७ जानेवारी २०२६

खर्च: डीटीपीचा निम्मा वाटा ७,०००. स्वतःसाठी ५० प्रती ४० टक्के सवलतीने, प्रत्येकी १६८, म्हणजे ८,४००. प्रिंटा, झेरॉक्स, संमतिपत्रांसाठीचा प्रवास साधारण ३,०००. जमा: दिवाळी अंकाचे १,५०० आणि त्या ५० प्रतींतल्या विकल्या गेल्या त्यांचे. रॉयल्टी प्रतीमागे २८ रुपये. अगदी तीनशेच्या तीनशे प्रतींवर मिळाली तरी ८,४००, म्हणजे माझ्या प्रतींचं बिल तेवढं फिटेल.

काल एका निवृत्त डॉक्टरांचा फोन आला. पान ९४ वर बीपीचे वरचे-खालचे आकडे उलटे पडलेत. दोघींनी मोठ्याने वाचूनही ते निसटलं. दुरुस्तीच्या यादीत टाकलं. विक्रीचा पहिला हिशोब मार्चअखेर येईल, तेव्हा पुढची नोंद.